‘नुकसान’चे ‘नुस्कान’ कसे होते? शब्दातले वर्ण आपसांत जागा का बदलतात?

पाटीखडू (सोलापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी सोलापुरातल्या एका शाळेत सहावी-सातवीच्या वर्गांना मराठी शिकवते. निबंधाच्या वह्या तपासताना एक गोष्ट वारंवार समोर येते आणि तिच्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. मुले शब्द चुकवतात तेव्हा दर वेळी अक्षर गाळतात किंवा ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळा करतात असे नाही. पुष्कळदा शब्दातले सगळे वर्ण शाबूत असतात, फक्त त्यांतल्या दोघांनी आपसांत जागा बदललेल्या असतात. ‘अवकाळी पावसाने ज्वारीचे नुस्कान झाले’, ‘सिंगल मिळेना म्हणून गाडी कुर्डुवाडीला थांबून राहिली’, ‘मी डेक्सवर दप्तर ठेवले’, ‘आजोबांचा गुढगा दुखतो’ ही वाक्ये मी वह्यांतूनच उतरवून घेतली आहेत.

यांतले ‘नुस्कान’ मी लाल शाईने दुरुस्त केले. परंतु ते त्या मुलाच्या घरात, शेजारीपाजारी आणि आठवडी बाजारात सर्रास तसेच बोलले जाते, म्हणजे त्याने जे ऐकले तेच प्रामाणिकपणे लिहिले. उलट ‘सिध्देश्वर’ असे लिहिणारी मुलेही आहेत, आणि ग्रामदैवताचे नाव तसे उच्चारणारा माणूस मला या शहरात अजून भेटलेला नाही. तेव्हा या अदलाबदलीला व्याकरणात काही नाव आहे का, ती वाटेल तशी होते की तिलाही काही शिस्त असते, आणि तपासताना या दोन्ही प्रकारांना एकाच मापाने मोजावे का, हे कृपया सांगावे.

जुना वाचक

नाव आहे, आणि ते फार जुने आहे: वर्णविपर्यय किंवा वर्णव्यत्यय. शब्दांमध्ये कोणकोणते बदल होतात हे सांगताना यास्काने ‘निरुक्त’ या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या आपल्या प्राचीन ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच ‘आद्यन्तविपर्यय’ हा स्वतंत्र प्रकार मानला असून त्याच्या उदाहरणांत ‘तर्कु’ हा शब्द दिला आहे. तर्कु म्हणजे सूत कातण्याची चाती. कातणे या अर्थाच्या ‘कृत्’ धातूतले क आणि त उलटेपालटे झाले की ‘तर्कु’ होतो, असे त्याचे म्हणणे. (चाती म्हणजे काय हे सोलापूरकरांना निराळे सांगायला नको, निदान गिरण्यांचे भोंगे ऐकलेल्यांना तरी.) पतंजलीनेही महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथात ‘वर्णव्यत्यय’ हाच शब्द वापरून तर्कूचे उदाहरण घेतले आणि त्याच्या जोडीला ‘हिंस्’ या धातूपासून ‘सिंह’ कसा होतो ते सांगितले.

मराठीच्या दृष्टीने मात्र खरे घबाड हेमचंद्राकडे आहे. १२व्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या या जैन आचार्याने आपल्या व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृत भाषांना दिला आणि त्याच्या दुसऱ्या पादात, म्हणजे भागात, केवळ या अदलाबदलीसाठी ओळीने सूत्रे रचली. ‘वाराणसी’तल्या र आणि ण यांची अदलाबदल होऊन ‘वाणारसी’ होते, असे एक सूत्र सांगते. आपले ‘बनारस’ त्याच वाटेने आलेले आहे. दुसरे सूत्र ‘अचलपुरा’तल्या च आणि ल यांचे आहे. त्यातून ‘अलचपुर’ होते, आणि अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला इंग्रजी अमदानीत एलिचपूर का म्हणत, याचा उलगडा तिथे होतो. ‘लघुक’ या शब्दाचे आधी ‘लहुअ’ आणि मग ‘हलुअ’ झाले. आपण दिवसभर वापरतो ते ‘हळू’ आणि ‘हलका’ हे शब्द त्याचेच वारस आहेत. ‘ललाट’ म्हणजे कपाळ. त्याचे प्राकृतात ‘णडाल’ झाले, पहिला ल बदलून ण झाला आणि पुढच्या दोघांनी जागा बदलल्या, आणि त्यातून मराठीत ‘निढळ’ उतरले. ‘निढळाच्या घामाने मिळवलेला पैसा’ असे आपण म्हणतो तेव्हा हा घाम कपाळाचा असतो, हे आज किती जणांच्या ध्यानात येते कोण जाणे. आणि सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्याच नावात दडलेले आहे. ‘महाराष्ट्र’ या शब्दातल्या ह आणि र यांची अदलाबदल होऊन ‘मरहट्ठ’ झाले आणि त्यापासून मराठा व मराठी हे शब्द आले. ते दोन वर्ण जागच्या जागी राहिले असते, तर तुम्ही सहावीच्या वर्गात कदाचित ‘महाराठी’ शिकवत असता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच उदाहरणांत आहे. ‘लहु’चे ‘हलु’ आणि ‘वाराणसी’चे ‘वाणारसी’ होताना नीट पाहा: जागा व्यंजने बदलतात, स्वर आपापल्या जागी बसून राहतात. ‘हलु’मध्ये पहिला स्वर अ आणि दुसरा उ, ‘लहु’मध्येही तेच. पाण्यात जाण्यासाठी आपण ‘बुडणे’ म्हणतो आणि हिंदीत ‘डूबना’ म्हणतात, तिथेही ब आणि ड यांनीच फेरपालट केली आहे, उ-कार हललेला नाही. तिथे मूळ क्रम मराठीने राखला आहे. प्राकृतात ‘बुड्ड’ आहे आणि जुन्या हिंदीतही ‘बूड़ना’ सापडते.

आता अदलाबदल कोणाची होते, हेही वाटेल तसे नसते. र, ल, न, ण, ह आणि स हे वर्ण यात पुन्हा पुन्हा दिसतात. जिभेला आणि कानाला एकमेकांजवळचे वाटणारे र-ल-न यांसारखे वर्ण एकाच शब्दात आले, की त्यांचा क्रम लक्षात ठेवणे अवघड जाते. ह हा तर जन्मजात भटका आहे. संस्कृतातल्या स्म, ष्ण, स्न या जोडाक्षरांतल्या ऊष्म्याचा, म्हणजे स किंवा ष चा, प्राकृतात ह झाला आणि हा ह अनुनासिकाच्या पुढून निघून मागे जाऊन बसला. ‘अस्मे’चे ‘अम्हे’ आणि मग ‘आम्ही’, स्नानाचे ‘न्हाण’, कृष्णाचा ‘कण्ह’ आणि मग ‘कान्हा’. सोलापूरचा ‘उन्हाळा’ही ‘उष्णकाला’तून याच रीतीने आलेला आहे. तेव्हा ‘गुडघा’ आणि ‘गुढगा’ यांत महाप्राण, म्हणजे वर्णातला ह-कार, एका अक्षरावरून दुसऱ्यावर उडी मारतो, यात नवल काही नाही.

मागावरचा धागा

जुना वाचक यांचे विवेचन वाचून आनंद झाला, परंतु ‘स्वर जागचे हलत नाहीत’ हा नियम त्यांनी आमच्या घरी येऊन सांगितला असता तर आजी हसली असती. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. भिंतीला भिंत लागून कन्नड बोलणारे शेजारी. लहानपणी दोन्ही घरांत वावरताना काही शब्द उलट्या तोंडाचे वाटत आणि त्याचे कारण पुढे कळले.

कन्नडमध्ये दोनाला ‘एरडु’ म्हणतात, तमिळमध्ये ‘इरंडु’, आणि तेलुगूत ‘रेंडु’. पहिल्या दोहोंत शब्दाच्या तोंडी स्वर आहे आणि मग र. तेलुगूत र पुढे येऊन बसला आणि स्वर त्याच्या मागे गेला. बोटाला शेजारी ‘बेरळु’ म्हणत, आमच्याकडे ‘वेलु’. त्याचे जुने तेलुगू रूप ‘व्रेलु’ असे आहे, म्हणजे र थेट व ला जाऊन चिकटला आणि पुढे गळून पडला. झाडाला त्यांच्याकडे ‘मर’, जुन्या तेलुगूत ‘म्रानु’. ‘आत’ म्हणायचे तर त्यांच्याकडे ‘ओळगे’ आणि आमच्याकडे ‘लो’, ‘लोपल’. म्हणजे इथे दोन व्यंजनांची नव्हे, स्वर आणि व्यंजन यांची अदलाबदल आहे.

यालाही शिस्त आहे, आणि ती मोठी काटेकोर आहे. भाषाशास्त्रज्ञ भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी या बदलाचा सविस्तर अभ्यास केला आहे. मूळ द्राविड भाषेत र, ल, ळ, ड यांसारखे, जिभेचे टोक वर लावून उच्चारायचे वर्ण शब्दाच्या आरंभी येतच नसत. तेलुगू आणि तिच्या जवळच्या काही भाषांमध्ये या अदलाबदलीमुळे त्यांना प्रथमच शब्दाच्या दारात उभे राहायला मिळाले. क, प, त यांच्या बाबतीत असे घडत नाही. ‘वाडु’ म्हणजे ‘तो’, हा शब्ददेखील, त्यातला व ओठांचा असला तरी, असाच बनला आहे. कन्नडमध्ये ‘अवनु’ म्हणताना अ पुढे असतो, तेलुगूत व पुढे आला.

खिळेजुळारी

तुमच्या ‘सिध्देश्वरा’चे उत्तर ध्वनिशास्त्रात शोधू नका, ते छापखान्यात आहे. माझी हयात छपाईत गेली, आधी खिळे (छपाईचे अक्षरठसे) जुळवण्यात आणि नंतर संगणकावर मजकूर लावण्यात, म्हणून हे खात्रीने सांगतो.

जुन्या छपाईत ‘द्ध’ हे जोडाक्षर एकाच खिळ्यात येई. त्यात द वर आणि ध खाली असा आकार असल्याने, घाईत पाहणाऱ्याला त्यातला ध ठळक दिसतो आणि द त्याला लोंबकळल्यासारखा वाटतो. हे जोडाक्षर फोडून लिहायची वेळ आली की डोळ्याला आधी दिसलेला ध आधी लिहिला जातो आणि ‘शुध्द’, ‘सिध्द’, ‘उध्दव’ तयार होतात. शहरातल्या पाट्या, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फलक यांवर ही रूपे इतकी पक्की बसली आहेत, की बरोबर लिहून दिले तर गिऱ्हाईकच ते ‘दुरुस्त’ करायला सांगते. उच्चारून पाहिले तर मात्र ‘ध्द’ जमतच नाही. जोडाक्षरातल्या पहिल्या अर्ध्या वर्णात जीभ नुसती टेकलेली असते, श्वास सुटतो तो दुसऱ्या वर्णावर. म्हणून एकाच वर्गातल्या दोन वर्णांच्या अशा जोडीत हकारयुक्त वर्ण नेहमी दुसरा येतो. ‘स्वच्छ’मध्ये आपण छ आधी लिहीत नाही, ‘पत्थर’मध्ये थ आधी लिहीत नाही, मग ‘सिद्ध’मध्येच ध आधी का लिहावा? मुलांना तळहात तोंडासमोर धरून ‘सिद्ध’ म्हणायला सांगा, फुंकर कधी लागते ते त्यांचे त्यांनाच कळेल.

आपल्या लिपीत तर अक्षरांची अदलाबदल जन्मापासूनच आहे. पहिली वेलांटी आपण व्यंजनाच्या आधी काढतो आणि त्याच्यानंतर उच्चारतो. रफाराचे नेमके उलटे. तो आधी उच्चारायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा. खिळे जुळवणारा डोळ्यांनी काम करी, म्हणून तो वेलांटी आधी लावी. जुन्या टंकयंत्रावर आणि जुन्या संगणकीय फाँटांतही तोच क्रम राहिला. १९९१ साली युनिकोडची, म्हणजे संगणकात सर्व लिप्या साठवण्याच्या सामाईक पद्धतीची, पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवायचे ठरले, म्हणजे आधी व्यंजन आणि मग वेलांटी; पडद्यावर ती पुढे आणून दाखवायचे काम संगणकाचे. आता जुन्या फाँटातली पीडीएफ उघडून तिच्यातला मजकूर नकलून घेतला, की ‘महिला’ची ‘मिहला’ होते, ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ आणि ‘वर्ष’चे ‘वषर्’. शासकीय परिपत्रके पुढे पाठवताना हे शब्द सर्वांनी पाहिले असतील. तिथे वर्ण एकही हरवलेला नसतो. एका क्रमाने लिहिलेले दुसऱ्या क्रमाने वाचले गेलेले असते.

जुना वाचक

रफाराच्या या हकिकतीला एक फार जुना जोड आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या अशोकाच्या लेखांपैकी वायव्येकडच्या शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील लेख खरोष्ठी लिपीत आहेत, आणि त्यांत ‘धर्म’च्या जागी ‘ध्रम’ आणि ‘प्रियदर्शी’च्या जागी ‘प्रियद्रशि’ अशी रूपे कोरलेली आहेत. तिकडचे लोक खरोखर ‘ध्रम’ बोलत होते, की र फक्त लिहिण्यात आधीच्या अक्षराला जोडला जात होता, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पाटीखडू यांच्यापुढे सहावीच्या वहीत जो पेच पडला, तोच इथे दगडावर कोरलेल्या अक्षरांनी पंडितांपुढे टाकला आहे.

रोखठोक

चर्चा छान आहे, पण शिक्षिकेला वर्गात उभे राहायचे आहे, याचा विसर पडू नये. प्रथम एक दुरुस्ती. ‘हिंस्’पासून ‘सिंह’ ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण आजचे अभ्यासक ती सहसा मानत नाहीत. अर्थ जुळतो म्हणून वर्ण हवे तसे फिरवायचे, ही निरुक्तकारांची जुनी खोड आहे. सोलापूरचे नाव ‘सोळा पुरां’वरून आले असे सांगणारे आपल्याकडे कमी आहेत का? शिलालेखांत ‘सोन्नलगी’ हे नाव स्पष्ट असूनही ती कथा मरत नाही. वर्णविपर्यय म्हणायचे तर मधली रूपे दाखवता आली पाहिजेत, जशी ती ‘मरहट्ठ’मध्ये दाखवता येतात.

आता मुख्य मुद्दा. ‘नुस्कान’ला परंपरा आहे, हेमचंद्राचे आजोळ आहे, हे सगळे मान्य, तरीही परीक्षेत ‘नुकसान’ हेच बरोबर. लेखनाचा नियम हा सर्वांनी मिळून केलेला करार असतो आणि बार्शीच्या मुलाचा अर्ज नागपूरच्या कारकुनाला अडखळल्याविना वाचता यावा, एवढ्यासाठीच तो असतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी ‘राहणे, पाहणे, वाहणे’ ही रूपे धरली आणि ‘रहाणे, पहाणे, वहाणे’ बाजूला ठेवली, तीही ह भोवती फिरणाऱ्या आ-काराला एक ठिकाण ठरवून देण्यासाठीच.

जुना वाचक

रोखठोक यांच्याशी सिंहाच्या बाबतीत वाद नाही. कराराच्या बाबतीतही नाही. परंतु या कराराची कलमे वाचून पाहिली तर त्यांत बोलीने किती सह्या केल्या आहेत हे दिसते. संस्कृतात ‘आह्वान’, ‘जिह्वा’, ‘चिह्न’, ‘प्रह्लाद’ आणि ‘आह्लाद’ असे लेखन आहे, ह आधी. मराठी माणसाच्या तोंडी तो मागे गेला आणि प्रमाण लेखनानेही ‘आव्हान’, ‘जिव्हा’, ‘चिन्ह’, ‘प्रल्हाद’, ‘आल्हाद’ हे बिनतक्रार स्वीकारले. ‘ब्राह्मण’ आणि ‘सह्याद्री’ यांच्या बाबतीत मात्र लेखन जुनेच ठेवले, जरी बोलताना बहुतेक जण ‘ब्राम्हण’ म्हणतात. एकाच घडामोडीतून गेलेल्या शब्दांना अशी दोन प्रकारची वागणूक मिळाली, याचे भाषेच्या अंगाने काही कारण देता येत नाही. ‘कुलूप’ हेही तसेच. मूळ अरबी शब्द ‘कुफ्ल’, फ आधी आणि ल नंतर. वाटेतच त्याचे ‘कुल्फ’ झाले आणि मराठीने दाराला लावले ते उलटे झालेलेच. त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही. ‘नुस्कान’ एवढेच दुर्दैवी, की ते छापील मराठी स्थिर होण्याआधी तिच्यात शिरू शकले नाही.

पाटीखडू

सर्वांचे मनापासून आभार. तपासण्यापुरते मी असे ठरवते आहे: जिथे मुलाने बोलीतला उच्चार लिहिला, तिथे रूप दुरुस्त करीन, पण गुण कापणार नाही आणि शेजारी ‘बोलीत चालते’ असे लिहीन. ‘सिध्देश्वर’सारख्या, कोणाच्याच तोंडी नसलेल्या रूपासाठी मात्र गुण कापीन, कारण तिथे कानाचा आधार उपलब्ध असून तो घेतलेला नाही. तळहाताची युक्ती उद्याच वर्गात करून पाहते.

दोन शंका उरतात. ‘नुकसान’मध्ये क-सचा स-क झाला, ‘रिक्षा’ची ‘रिश्का’ होते तीही तशीच. पण ‘डेस्क’चा ‘डेक्स’ होताना गाडी उलट्या दिशेने कशी गेली? आणि मागावरचा धागा यांना विचारायचे आहे, की तेलुगू घरांतली मुले मराठी शब्दांतही स्वर-व्यंजनांची अशी अदलाबदल करतात का?

जुना वाचक

क आणि स यांच्या जोडीत दोन्ही दिशांनी अदलाबदल होते, कारण स चा सूत्कार आजूबाजूच्या ध्वनींपासून निराळा पडतो आणि तो क च्या आधी आला की नंतर, याचा कानाला नेमका अंदाज लागत नाही. मग जिभेला जे सोयीचे ते ठरते. ‘नुस्कान’ आणि ‘रिश्का’ यांत जोडाक्षरापुढे स्वर आहे. क सारखा स्फोट स्वराला लागून आला की तो स्वच्छ ऐकू येतो, म्हणून तो स्वराकडे सरकतो. ‘डेस्क’मध्ये जोडाक्षर शब्दाच्या शेवटी आहे आणि पुढे स्वर नाहीच. स्वर आहे तो मागे; म्हणून तिथे क मागे सरकून त्याला लागला. शिवाय बॉक्स, टॅक्स, फॅक्स यांनी शेवटच्या ‘क्स’ची सवय लावलेली आहे, आणि माझ्या मते या शब्दापुरता तिचा वाटा मोठा आहे. ‘सिंगल’मध्ये ‘ग्न’ हे मराठी कानाला अपरिचित नाही, ‘लग्न’ आपण रोज म्हणतो. पण ‘अंग’, ‘रंग’, ‘जंगल’ हा साचा त्याहून कितीतरी ओळखीचा आहे आणि नवखा शब्द त्यात जाऊन बसला.

मागावरचा धागा

नाही, करत नाहीत. ‘रेंडु’ आणि ‘व्रेलु’ घडवणारा बदल जुन्या तेलुगूतच होऊन गेला, आजचे बोलणारे फक्त त्याचे तयार शब्द वापरतात. मुलगा ‘उडी’ला ‘डुई’ म्हणणार नाही. आमच्या मुलांच्या वह्यांत तुम्हाला चुका सापडतील त्या लिंगाच्या. ‘ती पुस्तक’ आणि ‘तो खुर्ची’ यांवर लाल शाई जपून ठेवावी. ‘नुस्कान’ मात्र तेही म्हणतात, कारण ते त्यांनी गल्लीतल्या मराठीतूनच उचललेले असते.